निवेदकाचे मानधन, परवाना शुल्क आणि निष्पक्षता: बंधन नेमके कोणावर असावे?

प्रश्न (रेडिंगकर)

नमस्कार मंडळी. मी सोळा वर्षांपासून इंग्लंडमध्ये राहतो आणि तेव्हापासून न चुकता बीबीसीचे परवाना शुल्क भरत आलो आहे. एप्रिल 2025 मध्ये हे शुल्क वर्षाला 174.50 पौंड झाले. ज्यांना इथली पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरात कोणत्याही वाहिनीचे थेट प्रक्षेपण पाहायचे असेल किंवा बीबीसीचे आयप्लेअर हे ऑनलाइन पाहण्याचे साधन वापरायचे असेल, तर हा परवाना घ्यावाच लागतो. तो न घेता पाहणे हा फौजदारी गुन्हा असून त्यासाठी 1,000 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. एखादे वर्तमानपत्र पटेनासे झाले की आपण ते बंद करतो. इथे तशी सोय नाही.

परवान्याच्या नूतनीकरणाचे पत्र आले की आमच्या घरात एक जुना वाद पुन्हा उभा राहतो. त्याची सुरुवात मार्च 2023 मधली. गॅरी लिनेकर हे इंग्लंडचे माजी फुटबॉलपटू 1999 पासून ‘मॅच ऑफ द डे’ या बीबीसीच्या फुटबॉल कार्यक्रमाचे निवेदक होते. त्या वेळी त्यांचे वार्षिक मानधन साडेतेरा लाख पौंडांच्या घरात होते आणि बीबीसीच्या जाहीर यादीत त्यांचे नाव सर्वांत वर असे. 7 मार्च रोजी त्यांनी ट्विटरवर सरकारच्या बेकायदा स्थलांतराविषयीच्या विधेयकावर टीका केली. हे धोरण अत्यंत क्रूर असून त्यासाठी वापरली जाणारी भाषा 1930 च्या दशकातील जर्मनीतल्या भाषेहून फारशी वेगळी नाही, असा त्या टीकेचा आशय होता. 10 मार्चला बीबीसीने त्यांना कार्यक्रमापासून दूर केले. त्यावर इयन राइट आणि अॅलन शिअरर या त्यांच्या सहकाऱ्यांनी येण्यास नकार दिला आणि पाठोपाठ समालोचकांनीही अंग काढून घेतले.

11 मार्चच्या रात्री आम्ही तो कार्यक्रम पाहत होतो. ओळखीचे संगीत वाजले नाही, कोणी नमस्कार केला नाही, समालोचन नव्हते. बोर्नमथने लिव्हरपूलला 1-0 असे हरवले, तो गोल पडद्यावर दिसला, मैदानातला कल्लोळ ऐकू आला, पण गोल कोणी केला हे सांगणारा आवाज नव्हता. तेव्हा तेरा वर्षांचा असलेला माझा मुलगा आवाज गेला आहे असे समजून रिमोटची कळ दाबत राहिला. एरवी तासाहून अधिक चालणारा कार्यक्रम वीस मिनिटांत संपला. 13 मार्चला लिनेकर यांना परत घेतले गेले. पुढे मे 2025 मध्ये झायोनिझमविषयीची (ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राच्या चळवळीविषयीची) एक चित्रफीत त्यांनी आपल्या खात्यावरून पुढे पाठवली. तीत उंदराचे चित्र होते आणि नाझी प्रचारात ज्यूंना उंदरांच्या रूपात दाखवले जात असे. लिनेकर यांनी माफी मागितली आणि ते बीबीसीतून बाहेर पडले.

माझ्या पत्नीचे म्हणणे असे की जो माणूस आपल्या सक्तीच्या शुल्कातून एवढे मानधन घेतो, त्याने राजकारणावर बोलू नये. मला वाटते, फुटबॉलचा निवेदक म्हणजे बातमीदार नव्हे. आम्हा दोघांनाही बीबीसी टिकावी असेच वाटते, म्हणून हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. मोठे मानधन आणि राजकीय मौन यांचा खरोखर संबंध आहे का? आणि निष्पक्षतेचे बंधन कोणावर, कुठपर्यंत असावे?

प्रतिसाद (सनदवाचक)

रेडिंगकर, मानधनाचा आकडा या वादात शिरला कसा, ते आधी पाहायला हवे, कारण तो फार जुना नाही. बीबीसी ज्या राजसनदेवर, म्हणजे राजाच्या नावाने दिलेल्या अधिकारपत्रावर, चालते, तिची सध्याची आवृत्ती 2017 पासून लागू आहे आणि ती 31 डिसेंबर 2027 रोजी संपते. ती तयार होत असताना, 2016 च्या मे महिन्यातल्या श्वेतपत्रिकेत, वर्षाला 4,50,000 पौंडांहून अधिक घेणाऱ्यांचीच नावे जाहीर करण्याचा विचार होता. काही महिन्यांतच सरकारने ही मर्यादा 1,50,000 पौंडांवर, म्हणजे साधारण पंतप्रधानांच्या वेतनाच्या पातळीवर आणली.

19 जुलै 2017 रोजी पहिली यादी प्रसिद्ध झाली. रेडिओ निवेदक ख्रिस इव्हान्स 22 लाख पौंडांच्या वर आणि लिनेकर साडेसतरा लाखांच्या वर, हे आकडे दुसऱ्या दिवशी प्रत्येक वर्तमानपत्रात छापून आले. परंतु त्या यादीने खरा धक्का दिला तो वेगळ्याच ठिकाणी. 96 नावांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश पुरुषांची होती आणि सर्वाधिक मानधन घेणारी स्त्री पाच लाखांच्याही आत होती. कॅरी ग्रेसी तेव्हा बीबीसीच्या चीन संपादक होत्या, मँडरिन अस्खलित बोलत होत्या आणि बीजिंगमध्ये राहून काम करत होत्या. उत्तर अमेरिकेच्या संपादकपदावरील पुरुष सहकाऱ्याला दोन लाखांहून अधिक मिळतात आणि आपले नाव यादीतच नाही, हे त्यांना त्या दिवशी कळले. जानेवारी 2018 मध्ये त्यांनी ते पद सोडले. पुढे बीबीसीने माफी मागून थकबाकी दिली, ती सगळी रक्कम त्यांनी स्त्रियांच्या समान हक्कांसाठी काम करणाऱ्या फॉसेट सोसायटीला देऊन टाकली.

समीरा अहमद यांचा खटला तर प्रत्येकाने वाचावा असा आहे. ‘न्यूजवॉच’ हा बातम्यांविषयी प्रेक्षकांच्या तक्रारी ऐकून घेणारा कार्यक्रम त्या सादर करत आणि एका भागाचे त्यांना 440 पौंड मिळत. ‘पॉइंट्स ऑफ व्ह्यू’ या, प्रेक्षकांचीच मते मांडणाऱ्या कार्यक्रमासाठी जेरेमी व्हाइन यांना भागाला 3,000 पौंड मिळत होते. जानेवारी 2020 मध्ये रोजगार न्यायाधिकरणाने अहमद यांच्या बाजूने निकाल दिला. याद्या जाहीर करण्यामागचा हेतू काहीही असो, त्यातून स्त्रियांना न्याय मागण्याचे साधन मिळाले, ही माझ्या मते त्या नियमाची सर्वांत मोठी कमाई आहे. एक भोक मात्र राहिले. बीबीसी स्टुडिओज या व्यावसायिक शाखेतून दिली जाणारी मानधने यादीत येत नाहीत, त्यामुळे करमणुकीच्या कित्येक लोकप्रिय चेहऱ्यांची रक्कम आज कोणालाच दिसत नाही. लिनेकर यांचा आकडा दरवर्षी डोळ्यांवर येत असे, याचे एक कारण हेही आहे.

आता निष्पक्षतेविषयी. 2023 च्या प्रकरणानंतर जॉन हार्डी यांनी समाजमाध्यमांच्या नियमांचा आढावा घेतला आणि त्यानुसार सप्टेंबर 2023 मध्ये नवे नियम लागू झाले. बातम्या आणि चालू घडामोडी हाताळणाऱ्यांवर पूर्वीप्रमाणेच कडक बंधन राहिले. मोठ्या प्रेक्षकवर्गाच्या बिनबातम्यांच्या कार्यक्रमांचे निवेदक मात्र धोरणांवर मत देऊ शकतात. कार्यक्रम चालू असण्याच्या काळात त्यांनी पक्षाचा प्रचार करायचा नाही किंवा पक्षावर अथवा नेत्यावर हल्ला करायचा नाही. ही रेषा कामाच्या स्वरूपावरून आणि पोहोचीवरून आखली आहे. मानधनाचा तीत कुठे उल्लेख नाही, आणि तो नसावाच असे मला वाटते.

हा नियम आधी का नव्हता, याचे उत्तर बीबीसीने द्यायला हवे. बीबीसीच्या ‘द अप्रेंटिस’ या कार्यक्रमाचे अॅलन शुगर यांनी 2019 च्या निवडणुकीत बोरिस जॉन्सन यांना उघड पाठिंबा दिला, तेव्हा कोणाला पडद्यावरून उतरवले गेले नाही. उलट त्याच वर्षी नागा मंचेट्टी यांनी सकाळच्या कार्यक्रमात, ‘जिथून आलात तिथे परत जा’ हे वाक्य आपल्या वर्णाच्या माणसाला ऐकवले जाते तेव्हा त्यामागे वंशद्वेषच असतो असे सांगितले, आणि बीबीसीच्या तक्रार विभागाने त्यांना अंशतः दोषी ठरवले. काही दिवसांत महासंचालक टोनी हॉल यांनी तो निर्णय फिरवला हे खरे, पण तो मुळात झाला कसा?

प्रतिसाद (कोव्हेंट्रीवासी)

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, तरीही मी रेडिंगकरांच्या पत्नीशी सहमत आहे.

माझ्या शेजारी एक ब्याऐंशी वर्षांच्या आजी राहतात. 75 वर्षांवरील सर्वांना मोफत असलेला परवाना ऑगस्ट 2020 पासून केवळ निवृत्तिवेतनावरील विशेष साहाय्य मिळणाऱ्यांपुरता उरला. आजींचे उत्पन्न त्या मर्यादेच्या किंचित वर आहे, त्यामुळे त्यांना पूर्ण शुल्क भरावे लागते. दूरचित्रवाणी हीच त्यांची दिवसभराची सोबत आहे. ती बंद कर, असे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? त्यांची मते लिनेकर यांच्या मतांच्या अगदी विरुद्ध आहेत. त्या मला म्हणाल्या होत्या, ‘माझ्याकडून पैसे घेऊन मला नाझी म्हणतात.’ लिनेकर यांनी मतदारांना तसे म्हटलेले नव्हते, हे मी त्यांना समजावून सांगितले; पण त्यांना जे लागले ते लागले.

परवाना न घेतल्याबद्दल ज्यांना शिक्षा होते त्यांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे आहे, कारण दारावर तपासनीस येतो तेव्हा घरात बहुधा त्याच असतात. अशा सक्तीतून उभ्या राहिलेल्या पैशाला काही मर्यादा चिकटून येतात. न्यायाधीश, सेनाधिकारी, आपल्याकडचा जिल्हाधिकारी, हे सगळे मते असूनही गप्प राहतात आणि त्यांच्या वेतनात त्या संयमाचा मोबदला धरलेला असतो. लिनेकर यांच्यामागे लाखो लोक होते ते केवळ त्यांच्या खेळामुळे नव्हे. ‘मॅच ऑफ द डे’ 1964 पासून चालू आहे. तो मंच बीबीसीने साठ वर्षांत उभारला आणि त्याचा खर्च आजींसारख्यांनी केला. लिनेकर हे नोकर नव्हते, स्वतंत्र कंत्राटदार होते, म्हणून त्यांना नियम लागू नाही, असे त्यांच्या बाजूने म्हटले जाते; तो युक्तिवाद मला पळवाट वाटतो. ज्याला बोलायचेच आहे त्याने खासगी वाहिनीवर जावे, तिथे पैसेही अधिक मिळतील.

प्रतिसाद (पहिली सभा)

कोव्हेंट्रीवासी, आजींविषयी आपण लिहिलेले मनाला भिडले. परंतु संयमाचा मोबदला वेतनात धरलेला असतो, या वाक्याशी मी थांबलो. मी आकाशवाणीच्या एका केंद्रावर अकरा वर्षे नैमित्तिक उद्घोषक होतो. आम्हाला सगळे ‘कॅज्युअल’ म्हणत. महिन्यातून मोजक्या ड्यूट्या मिळत, मोबदला ड्यूटीप्रमाणे, आणि रजा किंवा निवृत्तिवेतन यांचा प्रश्नच नव्हता. निष्पक्षतेचे बंधन मात्र आमच्यावर संपूर्ण होते. कोणत्याही पक्षावर नाव घेऊन टीका नको, केंद्र अथवा राज्य सरकारवर कठोर टीका नको, हे आकाशवाणीच्या संहितेतच लिहिलेले आहे. ते आम्ही मनापासून पाळत होतो. मला त्याचा आजही अभिमान आहे.

एका उन्हाळ्यात पत्रोत्तराच्या कार्यक्रमात मी एका गावचे पत्र वाचले. अकरा दिवस टँकर आलेला नाही, विहिरीच्या तळातून वाटीवाटीने पाणी भरतो, असे एका बाईंनी आंतरदेशीय पत्रावर लिहिले होते. कोणाचे नाव नव्हते, पक्षाचा उल्लेख नव्हता. पत्र आधी निवडले गेले होते, क्यू शीटवर, म्हणजे कार्यक्रमाच्या क्रमपत्रकावर, नोंदलेले होते. दुसऱ्या दिवशी मला सांगण्यात आले की पालकमंत्री जिल्ह्यात असताना असे पत्र वाचणे हे पक्षपाती आहे. लेखी काहीच आले नाही. पुढल्या महिन्याच्या ड्यूटी चार्टवर माझे नाव नव्हते, त्याच्या पुढल्याही नव्हते. आणि ज्या दिवशी मी ते पत्र वाचले, त्या दिवशीच्या प्रादेशिक बातम्यांची सुरुवात त्याच मंत्र्यांनी केलेल्या उद्घाटनाने झाली होती. ती बातमी कोणालाही पक्षपाती वाटली नाही.

म्हणून सांगतो, मौनाचा आणि मानधनाचा संबंध जोडू नये. तो जोडला तर साडेतेरा लाख पौंडवाल्याला जाब विचारला जातो एवढेच आपल्याला दिसते. ज्याला दर ड्यूटीचे चार पैसे मिळतात त्याचा आवाज कोणी बंद केला, हे कोणालाच कळत नाही.

आपल्याकडेही एके काळी रेडिओसाठी लायसन्स लागे. वडिलांचे ते लहानसे पुस्तक अजून माझ्याकडे आहे. पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि त्यावर तिकिटे चिकटवून शिक्का मारून आणायचा. ऐंशीच्या दशकात ते बंद झाले तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. पण त्याबरोबर श्रोता आणि केंद्र यांच्यातला पैशाचा धागाही तुटला आणि खर्चाची सूत्रे पूर्णपणे सरकारकडे गेली. प्रसार भारतीचा कायदा 1990 चा, प्रत्यक्ष अंमल 1997 पासून. त्याच्या बाराव्या कलमात, परस्परविरोधी मतांसह माहितीचा समतोल प्रवाह द्यावा आणि संस्थेने स्वतःचे कोणतेही मत वा विचारसरणी पुढे रेटू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. कर्मचाऱ्यांचे वेतन मात्र केंद्राच्या अनुदानातून येते.

योगायोग असा की आपल्याकडचा या विषयावरील सर्वांत महत्त्वाचा निकालही खेळाच्या प्रक्षेपणावरूनच आला. 1993 च्या हीरो कपचे सामने कोणी दाखवायचे, यावरून बंगालच्या क्रिकेट संघटनेचा सरकारशी वाद झाला आणि फेब्रुवारी 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सांगितले. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे, आपल्या मराठी माणसाचे. त्याच निकालात न्यायालयाने या लहरींचे नियंत्रण सरकारपासून स्वायत्त अशा सार्वजनिक प्राधिकरणाकडे असावे असे म्हटले होते. मला ड्यूटी चार्टवरून उतरवणाऱ्यांपैकी कोणी तो निकाल वाचला असेल असे वाटत नाही.

प्रतिसाद (सनदवाचक)

पहिली सभा यांच्या अनुभवामुळे माझ्या आधीच्या लिखाणातली त्रुटी लक्षात आली. मी फक्त निवेदकाविषयी लिहिले, नेमणुका करणाऱ्यांविषयी नाही.

लिनेकर यांना निष्पक्षतेच्या नावाखाली दूर ठेवले, त्या दिवशी बीबीसीचे अध्यक्ष कोण होते? रिचर्ड शार्प. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना 8,00,000 पौंडांपर्यंतच्या कर्जहमीची सोय होत असताना त्या व्यवहारात आपला हात लागल्याची गोष्ट त्यांनी नेमणुकीच्या वेळी पुरेशी उघड केलेली नव्हती. चौकशीनंतर 28 एप्रिल 2023 रोजी त्यांनी राजीनामा जाहीर केला. सध्याच्या सनदेनुसार चौदा जणांच्या मंडळात अध्यक्ष आणि इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंडचे प्रत्येकी एक, असे पाच सदस्य सरकारच्या शिफारशीने नेमले जातात. इंग्लंडचे सदस्य रॉबी गिब हे पूर्वी थेरेसा मे यांच्या कार्यालयात संपर्कप्रमुख होते. ही एकाच पक्षाची खोड नाही. मजूर पक्षाला देणग्या दिलेले ग्रेग डाइक महासंचालक झाले होते आणि इराक युद्धाच्या बातमीवरून, हटन यांच्या चौकशी अहवालानंतर, जानेवारी 2004 मध्ये त्यांना मजूर पक्षाचेच सरकार असताना जावे लागले.

नोव्हेंबर 2025 मध्ये महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तविभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेस यांनी राजीनामे दिले, तेही आठवून पाहा. बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ या कार्यक्रमात डोनाल्ड ट्रम्प यांच्या 6 जानेवारी 2021 च्या भाषणातील दोन वेगळे तुकडे एकाला एक जोडून दाखवले गेले होते. ती खरी, गंभीर चूक होती, आणि ती संपादनाच्या टेबलावर झाली. कोणा निवेदकाच्या ट्विटर खात्यावर डोळे लावून बसल्याने ती टळली नसती. श्रोत्यांना ज्या निष्पक्षतेची गरज आहे ती या टेबलावरची आहे.

कोव्हेंट्रीवासी यांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. बीबीसीने दिलेल्या मंचाचा वापर पक्षप्रचारासाठी होऊ नये, हे मलाही मान्य आहे, आणि मे 2025 मध्ये लिनेकर यांनी जाणे योग्यच होते. पण ते योग्य होते ते त्या चित्रातल्या अर्थामुळे. त्यांना वर्षाला एक पौंड मिळत असता तरी मी हेच म्हटले असते.

प्रतिसाद (कोव्हेंट्रीवासी)

पत्राची हकिगत वाचून मी माझे एक वाक्य मागे घेतो: वेतनात मौनाचा मोबदला असतोच असे नाही. मंचाविषयीचे म्हणणे मात्र कायम आहे. आजींना मंडळावरील नेमणुका कोण करते हे ठाऊक नाही, त्यांना पडद्यावरचा चेहरा ठाऊक आहे, आणि विश्वास बसतो किंवा उडतो तो त्या चेहऱ्यावरूनच.

प्रतिसाद (रेडिंगकर)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हा सगळा धागा मी पत्नीला वाचून दाखवला. टँकरच्या पत्रापाशी आम्ही दोघेही बराच वेळ थांबलो. तिचे माहेर माण तालुक्यातले आहे आणि वाटीने पाणी भरणे तिने पाहिलेले आहे.

मी एक हिशेब केला. परवाने साधारण 2 कोटी 40 लाख आहेत, म्हणजे लिनेकर यांच्या साडेतेरा लाखांपैकी आमच्या घराचा वाटा वर्षाला सहा पेन्सांहून कमी होता. या सहा पेन्सांवरून आम्ही दोन वर्षे वाद घातला आणि अध्यक्ष कोण नेमतो हे एकदाही एकमेकांना विचारले नाही. आमच्या बँकेतून दरमहा जाणारे शुल्क चालूच राहील. नवी सनद ठरवण्याचे काम सुरू आहे, म्हणून आम्ही दोघे मिळून आमच्या खासदारांना पत्र लिहीत आहोत. अध्यक्षाची निवड सरकारच्या हातातून काढून घ्यावी आणि स्टुडिओज शाखेची मानधनेही यादीत आणावीत, आधी एवढ्या दोनच मागण्या त्यात होत्या. तिसरी मागणी पत्नीची आहे आणि ती मला मान्य करावी लागली: 75 वर्षांवरील एकट्या राहणाऱ्यांचा परवाना पुन्हा मोफत व्हावा. कोव्हेंट्रीवासी, आपल्या शेजारच्या आजींची हरकत नसेल तर त्यांचे नाव न घेता त्यांची परिस्थिती आम्ही पत्रात मांडू इच्छितो. त्यांना विचारून कळवाल का?